अप्पा खडकावर बसले आणि मी लाईटहाऊसपर्यंत पळत गेले

समुद्रकाठी पळणं फोटोत दिसतं तसं नसतं. अजिबात न्हाई! मी नांदेडला शिकते आणि रोज सकाळी विष्णुपुरीच्या धरणाकडं पळायला जाते, त्यामुळं मला वाटायचं की पाण्याच्या कडेनं पळायची आपल्याला सवयच हाय. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रस्ता, मधी आपण. समुद्र म्हणजे तरी काय, मोठं बॅकवॉटर! हे मी मैत्रिणींना बोलूनसुद्धा दाखवलं होतं. आता आठवलं की कसंतरीच होतं.

माझी अक्का कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेवर हाय. आमच्या लातूर-नांदेडकडची लई पोरं-पोरी तिकडं मास्तरकी करायलेत आणि सगळे बदलीची वाट बघायलेत. अक्काची शाळा वर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवरच्या वाडीत, आणि खोली खाली गावात, जिथं मुंबई-पुण्याचे लोक सुट्टीला येऊन समुद्रात लोळतात. या जानेवारीत मी आणि अप्पा तिच्याकडं गेलो. अप्पांचं अहमदपूरला किराणा दुकान हाय. दुकान सोडून ते कुठं म्हणता कुठं जात न्हाईत. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मीपण न्हाई. बस बदलत बदलत अंधारात पोचलो, नुसता आवाज ऐकू येत होता. अप्पा म्हणाले, "एवढा कशाचा गं आवाज, गिरणी हाय का जवळ?"

पहिल्या सकाळी मी बाजारातनं जेट्टीपर्यंत पळायचं ठरवलं. सपाट रस्ता, छोटी छोटी कौलारू घरं, दारात जास्वंदी, मस्त! आणि मग एकदम ती गल्ली आली. दोन्ही बाजूंनी चटयांवर मासे वाळत घातलेले. आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंडंसुद्धा येत न्हाई. मी अख्खी गल्ली श्वास धरून पळाले, खरंच सांगते, जेट्टीवर पोचले तेव्हा डोळ्यापुढं काजवे चमकायले होते. आणि परत यायला दुसरा रस्ताच न्हाई!

दुसऱ्या दिवशी वर सड्याचा चढ धरला. आमच्याकडं चढ म्हणजे रेल्वेचा पूल. इथं रस्ता वर जातो तो जातोच. लाल माती, बूट लाल, मोजे लाल, आणि घाम वाळतच न्हाई. नांदेडला घाम दिसायच्या आत वाळून टीशर्टवर पांढरा होतो. इथं मी अंघोळ करून आल्यासारखी निथळायले. वरून खाली बघितलं तर एक मोठं रिसॉर्ट, आणि त्याच्यात पोहायचा तलाव. समुद्राच्या शेजारी! अख्खा समुद्र समोर असताना लोक त्या निळ्या हौदात उड्या मारायलेत. मी अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "पैशाला ऊत आला की माणूस विहिरीच्या काठावर बसून बाटलीतलं पाणी पितो."

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला पायजे होती. पहिल्या दिवशी जेट्टीवरून बीच बघितला तेव्हा वाळू एवढी रुंद की क्रिकेटचं मैदान होईल. दुसऱ्या दिवशी दुपारी सड्यावरनं बघितला तर वाळूची नुसती किनार. मी काय केलं? मी समजले की हा दुसरा बीच हाय.

आता अप्पांच्या पूजेचं सांगते, न्हाईतर पुढचं काहीच कळणार न्हाई. अप्पा रोज सकाळी अंघोळ झाली की गळ्यातल्या डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतात. छोटंसं, काळं, गुळगुळीत. त्याला विभूती लावतात, बेलाचं पान वाहतात आणि मग नुसतं त्याच्याकडं बघत बसतात. डोळे उघडे, पण नजर तळहातावरच. तेवढा वेळ बोलायचं न्हाई, उठायचं न्हाई. दुकानात गिऱ्हाईक ओरडू दे, फोन वाजू दे. एकदा आमच्या दारातच टेम्पो उलटला, तांदळाची पोती फुटली, अख्खा मोंढा गोळा झाला, माणसं "अप्पा, अप्पा" करायली. अप्पा पूजा आवरूनच बाहेर आले आणि म्हणाले, "कुणाला लागलं का?" आई म्हणते, हे लिंगाला दिलेले हात हायत, संसाराला उरलेले देतात.

तिसऱ्या सकाळी अप्पा म्हणाले, "मीपण येतो खाली. एवढं पाणी समोर असताना खोलीत कोपऱ्यात काय पूजा करायची?"

अक्का शाळेला निघायच्या गडबडीत होती. "पाण्यापासनं लांब बसा हो अप्पा."

"हाव हाव."

"हाव हाव न्हाई, खरंच लांब बसा. पाणी वर येतं इथं."

"सोडल्यावर येईल की. तवर भोंगा वाजतोच."

अक्काला बस गाठायची होती, तिनं ते ऐकलंच न्हाई. आणि मला ते वाक्य एकदम बरोबर वाटलं! विष्णुपुरीला दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजतो, खालच्या गावांना कळवतात, मग पाणी येतं. पाणी येतं म्हणजे कुणीतरी सोडतं. आमच्याकडं पाण्याला यायचं असलं तर आधी निरोप येतो.

बीचवर वाळू लांबपर्यंत मोकळी. मधीच एक काळा खडक, वरून बाजेसारखा सपाट. कोरड्या वाळूवरनं चालत गेलो त्याच्यापर्यंत. अप्पांनी घोंगडीची घडी टाकली, शेजारी गोड्या पाण्याचा तांब्या आणि ओल्या फडक्यात अहमदपूरहून आणलेला बेल. समुद्राकडं तोंड करून बसले.

"तू ये पळून," म्हणाले. "मी हितंच हाय."

मग मी पळाले. आणि काय सांगू! ओली वाळू डांबरासारखी घट्ट, पाय आपोआप उचलतो. बारकी खेकडी माझ्या पुढं तिरकी पळायलेत. एका ठिकाणी उंट. खरा उंट, गळ्यात घुंगरं, पाठीवर गादी, सकाळी सकाळी समुद्राकडं तोंड करून रवंथ करायला होता. मी त्याच्याबरोबर सेल्फी काढली. पुढं सुरूच्या झाडांची रांग, मग पायऱ्या, आणि वर टेकाडावर लाईटहाऊस. तिथनं नजर जाईल तिथपर्यंत पाणी. मी व्हिडिओ काढला, मैत्रिणीला फोन लावला, फोन फिरवून फिरवून दाखवलं, ती तिकडं किंचाळायली, मी इकडं. वेळ कुठं गेला कळलं न्हाई. व्हिडिओत वाळूचा पट्टा बारीक दिसत होता. मला वाटलं, उंचावरनं तसं दिसत असंल.

खाली उतरले तर माझा रस्ता नव्हता.

म्हणजे ज्या घट्ट वाळूवरनं आले होते ती वाळूच नव्हती. माझ्या बुटांचे ठसे, खेकडी, सगळ्यावर पाणी. उंट वर झाडांत नेऊन बांधलेला. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला, तर पाणी कुणी सोडलं? भोंगा तर वाजला न्हाई! दोन पावलं टाकली आणि मग धाडकन आठवलं. भरती, ओहोटी, चंद्र. शाळेत आकृती काढलेली, रंगीत पेन्सिलनं. पैकीच्या पैकी मार्क. आणि अप्पा खडकावर.

वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततात. मी आयुष्यात एवढ्या जोरात पळाले न्हाई आणि आयुष्यात एवढी हळूपण पळाले न्हाई. लांबून खडक दिसला. त्याच्या चारी बाजूंनी पाणी. खडकामागं, किनाऱ्याच्या बाजूला, वाळू खोलगट होती, पाणी आधी तिथंच भरलेलं. म्हणजे ते त्यांच्या पाठीमागनं आलं. आणि अप्पा तसेच बसलेले, मान खाली, नजर तळहातावर.

किनाऱ्यावर एक शहाळीवाली बाई तिच्या गाड्यावरनं हात वर करून ओरडत होती. "अवो बाबानू! उठा! पाणी चढता हा! बहिरे की काय ओ तुम्ही?" मग मला बघून, "तुझो कोण गो तो?"

"अप्पा! अप्पा, उठा!"

अप्पांनी उजवा हात वर केला. एक बोट. म्हणजे थांब. दुकानात गिऱ्हाईकाला करतात तसंच! मला रडू आलं, राग आला, हसूपण आलं असंल, ठाऊक न्हाई. मी बुटासकट पाण्यात घुसले. मला पोहायला येत न्हाई. बाई मागनं शिव्या घालायली. पाणी गुडघ्याला, मग मांडीला, मग कमरेला. मी सारखी "अप्पा, अप्पा" करायले. मग पायाखाली वाळूच न्हाई लागली, बाजूनं एक लाट आली आणि मी आत.

नाकात मीठ, कानात मीठ. वर कुठं, खाली कुठं, काही कळेना. आणि मग कुणीतरी माझी वेणी धरली. वेणी आणि खांदा. एका झटक्यात मी वर, खोकायले, आणि अप्पा छातीएवढ्या पाण्यात मला धरून उभे. दोन्ही हातांनी.

दोन्ही हात! मला श्वास घेता येत नव्हता आणि तरी माझ्या डोक्यात एकच, की दोन्ही हात माझ्यावर हायत, मग लिंग कुठं हाय?

मला ओढत, ढकलत, पडत, उठत त्यांनी बाहेर आणलं. लहानपणी विहिरीत पोहलेला माणूस, म्हणून निभावलं. घोंगडी, तांब्या, सगळं गेलं. वाळूवर आम्ही दोघं बसलो. मी त्यांना हलवायले, "अप्पा, बोला की. लागलं का कुठं?" ते गप्प. ओठ घट्ट मिटलेले आणि एक गाल सुजल्यासारखा वर आलेला. मला वाटलं लकवा मारला.

"अप्पा, तोंड उघडा! हात वर करा बघू!"

त्यांनी मान हलवली, न्हाई न्हाई. शहाळीवाली धावत आली. "काय गिळलंत काय ओ बाबानू?"

तेव्हा अप्पांनी डावा तळहात तोंडाशी नेला, मान वाकवली आणि लिंग हातात घेतलं. मला बुडताना बघून ते उठले होते, डबी उघडायला वेळ नव्हता आणि दोन्ही हात मोकळे पायजेत म्हणून त्यांनी लिंग तोंडात धरलं होतं. आमच्या अप्पांनी! जे न धुतल्या हातानं त्या डबीला शिवत न्हाईत.

"पाणी," ते म्हणाले. "गोडं पाणी."

तांब्या समुद्रात. समोर बघवत न्हाई एवढं पाणी आणि थेंब कामाचा न्हाई. बाईला काय कळलं ते तिला ठाऊक. ती गाड्याकडं गेली, कोयत्यानं एक शहाळं फोडून आणलं. मी ओतत होते, अप्पा तळहातावर लिंग धुवत होते आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. माझ्या केसातनं खारं पाणी टपकायलं म्हणून त्यांनी कोपरानं मला मागं सारलं. लिंग गळ्यातल्या डबीत ठेवलं, वर बघितलं आणि पहिलं पूर्ण वाक्य बोलले.

"गेट कुणी उघडलं गं?"

"कसला गेट?" बाई म्हणाली. "खुळे की काय तुम्ही! समुद्राक गेट?"

खोलीवर आल्यावर अप्पांनी परत अंघोळ केली, दार लावून परत पूर्ण पूजा केली, आणि तोवर घोटभर चहासुद्धा घेतला न्हाई. मीपण न्हाई घेतला. मला थंडी वाजायचं थांबेना. नंतर जेवताना मी विचारलं, "दुकानात एवढी माणसं ओरडायची, तुम्ही कधी उठला न्हाईत. आज कसे उठलात?"

भाकरी मोडत म्हणाले, "ते बुडत नव्हते की."

पण त्यांना बरं वाटत नव्हतं. "उष्टं केलं मी," एवढंच परत परत. संध्याकाळी अक्का आली, तिनं आम्हा दोघांना मनसोक्त झापलं, मग रडली, मग परत झापलं. अप्पा फोन घेऊन व्हरांड्यात गेले आणि गावाकडच्या स्वामींना लावला. त्यांना स्पीकर बंद करता येत न्हाई, त्यामुळं आम्ही दोघी दारामागं उभ्या राहून सगळं ऐकलं. अप्पांनी सगळं सांगितलं, बारीक आवाजात, शाळेतल्या पोरासारखं. अक्कानं माझा हात दाबून धरला.

"पोरगी कशी हाय?" स्वामी म्हणाले.

"बरी हाय. शिंकायली."

"हात मोकळे नव्हते, तोंड मोकळं होतं. तोंडात शिवाचं नाव धरता ते चालतं ना रोज? मग." आणि लगेच, "बेल पाठवू का इकडनं? तिकडं मिळत न्हाई म्हणतात."

अप्पा पायरीवर बसले आणि उपरण्यानं डोळे पुसले. अक्का आत जाऊन उगाच भांडी वाजवायली.

दुसऱ्या सकाळी मला वाटलं आज काही पळायला सोडत न्हाईत. उठले तर अप्पा दारात, चपला घालून, कपाळाला विभूती. पूजा पहाटेच उरकलेली.

"चल," म्हणाले. "कुठपर्यंत पळायचं?"

खाली गेलो. वाळू परत मैदानाएवढी मोकळी आणि तो खडक कोरडा ठणठणीत, जसं काही झालंच न्हाई. अप्पांनी त्याच्याकडं लई वेळ बघितलं. "एवढं पाणी गेलं कुठं गं?" मी पैकीच्या पैकी मार्कांची ती आकृती वाळूत बोटानं काढून दाखवली.

ते सुरूच्या झाडाखाली उभे राहिले. मी लाईटहाऊसकडं गेले न्हाई. त्यांना मी दिसत राहीन एवढ्यातच इकडून तिकडं, तिकडून इकडं पळत राहिले, आणि मी वळले की दरवेळी त्यांचा आवाज यायचा, अख्ख्या बीचला ऐकू जाईल असा, की लोक वळून बघायचे.

"पाण्याकडनं नको गं! वरनं पळ, वरनं!"