माणिकप्पाचा सनईवाला पिक्चर

मुरुडात कोणता पिक्चर बघावा आणि कोणता बघू नये, हे ठरवायचा अधिकार सरकारनं कुणालाच दिला नव्हता, म्हणून तो माणिकप्पा मापाड्यानं स्वतःकडे घेतला होता. माणूस उंच, हडकुळा, कपाळाला विभूती, डोक्यावर एकेकाळी पांढरी असलेली टोपी. बाजारात धान्य मोजायचं हे त्याचं वडिलोपार्जित काम. मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायची आमच्याकडे रीत आहे. माणिकप्पा हा 'लाभ' आणि पुढचे आकडे असे काही लांबवायचा, की विसाव्या मापापर्यंत एखादी ठुमरी ऐकल्यासारखं वाटायचं. शेतकरी माना डोलवत ऐकत राहायचे आणि तेवढ्यात अडत्याला जे करायचं ते अडत्या उरकून घ्यायचा.

पण मी सांगतोय त्या वर्षी मोजायला धान्यच नव्हतं. लातूर जिल्हा झाला त्याला तीन वर्षं झाली होती. जिल्हा झाला की सगळं जवळ येईल, असं भाषणात सांगितलं होतं. साहेब जवळ आले, शिक्के जवळ आले, पाऊस तेवढा लांब गेला. गावात टँकर आठवड्यातून दोनदा यायचा आणि तो आला की लोकांना सणासारखं वाटायचं. माणिकप्पाची बायको गुणाबाई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. माणिकप्पा जायचा नाही. आपले हात मापाचे आहेत, घणाचे नाहीत, असं तो म्हणायचा. ते हात घेऊन तो रोज सकाळी दगडोबाच्या सायकल दुकानात येऊन बसायचा.

त्या दुकानात आमचं श्रोता मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे माणिकप्पा, दुकानमालक दगडोबा, आणि मी, साहेबराव गुरुजी, प्राथमिक शाळेतला मास्तर. शिवाय पंक्चर निघेपर्यंत जो बसेल तो. रेडिओला फर्माइशीची पोस्टकार्डं पाठवायची, ती मी लिहायची, आणि खाली गावातल्या मेलेल्या माणसांचीसुद्धा नावं घालून यादी वाढवायची, हे मंडळाचं मुख्य कार्य. उरलेल्या वेळात आम्ही पिक्चरांवर मत द्यायचो.

आमचं मत द्यायची पद्धत इतरांना जमण्यातली नव्हती. पिक्चरची नावं आम्ही घ्यायचो नाही, ती सामान्य लोकांसाठी असतात. आम्ही म्हणायचो घुंगरूवाला, दोन व्हायोलिनवाला, बासरीवाला. गोष्ट काय आहे, असं विचारणारा माणूस आमच्यात अडाणी समजला जायचा. एकदा एका बाईनं विचारलं, "अप्पा, तो बासरीवाला पिक्चर लेकरांना दाखवण्यासारखा हाय का?" माणिकप्पा म्हणाला, "बासरी लई पवित्र हाय, खुशाल न्या." त्या पिक्चरमध्ये पहिल्या अर्ध्या तासात चार खून होते. लेकरं आठवडाभर रात्रीची दचकून उठली. त्यावर माणिकप्पाचं म्हणणं, लेकरांचे कान तयार नाहीत.

आता एक गोष्ट कबूल करतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आमच्यापैकी कुणीही कुठलाच पिक्चर शेवटपर्यंत बघितलेला नव्हता. लातूरला तीनच्या खेळाला जायचं, शेवटचं गाणं झालं की उठायचं आणि स्टँडवर येऊन मुरुडच्या गाडीत खिडकीची जागा धरायची. खेळ सुटल्यावर जी झुंबड उडते तिच्यात आमच्यासारख्या रसिकांनी का सापडावं? "आता काय हाय त्यात," माणिकप्पा अंधारात चपला शोधत म्हणायचा. "आता नुसती मारामारी. गाणं संपलं म्हंजी पिक्चर संपला." शेवट नेहमी गोडच होत असणार, अशी आमची समजूत होती. एवढी गोड गाणी गाणाऱ्यांचं वाईट कशाला होईल?

त्या वर्षी सनईवाल्या पिक्चरनं माणिकप्पाला पुरतं वेड लावलं होतं. लग्नाचं गाणं, सुरुवातीला सनई, मग बायकांचा कोरस, आणि मधेच नवरीचा एकटीचा आवाज. हा पिक्चर त्यानं चार वेळा बघितला, म्हणजे चार वेळा अर्धा बघितला. त्यातली सगळी गाणी मध्यांतराच्या आधीच संपायची, त्यामुळे खिडकीची जागा नक्की मिळायची. गावात ज्याच्या घरी लग्न ठरेल त्याला तो सांगायचा, "आधी सनईवाला बघून या, मग मांडव घाला."

आणि मग त्याच्याच घरी लग्न ठरलं. ठरवलं मी. माणिकप्पाची मुलगी शिवकन्या बारावी होऊन आमच्या शाळेच्या आवारातली बालवाडी सांभाळत होती. कमी बोलणारी आणि शहाणी पोरगी. माझ्या ओळखीतले एक शरणप्पा जळकोटचे, त्यांचा मुलगा शिवलिंग नव्या जिल्ह्यातल्या एका कचेरीत कारकून. जिल्ह्याची नोकरी म्हटल्यावर माझेच डोळे दिपले. माणिकप्पाला मी म्हणालो, असं स्थळ कंदील घेऊन शोधलं तरी मिळणार नाही. पाहुण्यांना टँकरच्या दिवशी बोलावलं, म्हणजे हातपाय धुवायला तांब्या भरून देता आला. पोहे झाले, पसंती झाली.

पहिल्या भेटीत शरणप्पांनी काहीच मागितलं नाही. "आम्हाला फक्त मुलगी पाहिजे," म्हणाले, आणि मी अभिमानानं माणिकप्पाकडे बघितलं. दुसऱ्या भेटीत बोलण्यात मुलाची अंगठी आली. तिसऱ्या भेटीत मुलाची आई शिवम्मा हळूच म्हणाली, "जिल्ह्याच्या जागी सायकलवर जायचं बरं दिसत न्हाई. सायबलोक बघतेत. स्कूटर असली म्हंजी बरं." मी लगेच मान हलवली. माझे पैसे थोडेच जाणार होते? माणिकप्पानं घरचं दीड एकर रान विकायचं ठरवलं. तसंही त्यात त्या वर्षी दगडाशिवाय काही उगवत नव्हतं.

मग बस्त्याचा दिवस आला. लग्नाची कापडं घ्यायला दोन्हीकडची मंडळी लातुरात जमली. दुकानात शिवम्मानं साड्यांचे ढीग उपसले, गुणाबाईनं तोंडाला पदर लावून हो-हो केलं. दोन वाजता खरेदी आटोपली आणि पाहुण्यांचा पाहुणचार काय करावा, असा प्रश्न पडला. माणिकप्पाच्या मनात तो प्रश्न चार महिन्यांपूर्वीच सुटलेला होता.

"पाव्हणं, सनईवाला पिक्चर लागलाय. लग्नाच्या मानसानं बघावा असा. काय सनई हाय!"

"घरगुती हाय ना?" शरणप्पांनी विचारलं.

"एकदम घरगुती," मी म्हणालो. अर्धा पिक्चर दोनदा बघितलेल्या माणसाला एवढं सांगायचा हक्क होताच. शिवकन्या साडीच्या पिशव्या सांभाळत उभी होती. ती म्हणाली, "अप्पा, आज मधीच उठू नका बरं. पाव्हण्यांना सोडून उठलेलं बरं दिसत न्हाई." पोरीला किती कळतं, असं मला तेव्हा वाटलं.

एका रांगेत बसलो. आधी शिवलिंग, मग शरणप्पा, शिवम्मा, गुणाबाई, शिवकन्या, माणिकप्पा, आणि टोकाला मी. सनई सुरू झाली. माणिकप्पाचा हात मांडीवर, डोळे मिटलेले. नवरीचा आवाज लागला तेव्हा त्याच्या गालावर पाणी होतं. शिवम्मासुद्धा वाकून म्हणाली, "छान हाय की." मध्यांतरात आम्ही बटाटेवडे खाल्ले. माणिकप्पा समाधानानं म्हणाला, "झालं. आता काय राहिलं त्यात?"

राहिलं होतं ते असं. सनईच्या सुरात सासरी गेलेल्या त्या नवरीला सासू आधी अंगठी मागते. मग नवऱ्याला मोटार हवी असते. बाप शेत विकतो, ते पुरत नाही. आमच्या मागच्या रांगेतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "आता फटफटी मागंल बघ!" आणि अख्ख्या थिएटरात हशा पिकला. शिवम्माच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. मी माणिकप्पाकडे बघितलं. तो तोंड उघडं ठेवून पडद्याकडे बघत होता. लहान मूल विहिरीत वाकून बघतं, तसा. शेवटी सासूनं स्वयंपाकघराचं दार बाहेरून लावलं. आत रॉकेलचा स्टोव्ह होता.

शिवम्मा तिथंच उभी राहिली. मागचे "बसा, बसा" करून ओरडायला लागले. "आमाला दाखवायला आणलाव व्हय हे?" ती म्हणाली. "आमी काय जाळणारी माणसं हाव?"

"न्हाई न्हाई, विहीणबाई," माणिकप्पा हात जोडून उठला. "मला म्हाईत नव्हतं. देवाशपथ. मी चारदा बघितलाय, पण असलं काय नव्हतं त्यात!"

चारदा बघितलाय हे ऐकल्यावर शरणप्पाही उठले. चारदा बघून, नेमका हाच निवडून, बस्त्याच्या दिवशी. ह्यावर काय बोलणार? त्यांनी आपल्या पिशव्या उचलल्या आणि तिघंही निघून गेले. मुलगा जाताना काहीच बोलला नाही. तो आधीही कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

आठ दिवस माणिकप्पा दुकानात फिरकला नाही. मंडळाची तातडीची बैठक झाली, म्हणजे मी आणि दगडोबा बसलो. चूक पिक्चर काढणाऱ्यांची आहे, असं एकमतानं ठरलं. इतकी चांगली सनई असल्या पिक्चरात घालणं हा लोकांना फसवण्याचा प्रकार आहे. निषेधाचं पोस्टकार्ड कुठं पाठवायचं ते मात्र ठरेना.

नवव्या दिवशी मला शरणप्पांचं पत्र आलं. झालं गेलं विसरायला ते तयार होते. माणसं मोठ्या मनाची. फक्त चारचौघांत जो अपमान झाला तो भरून निघावा म्हणून स्कूटरच्या जोडीला एक फ्रीज द्यावा. ज्या तालुक्यात प्यायला पाणी नाही, तिथं ते गार करायची सोय आधी व्हायला हवी होती. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. मोडलेलं लग्न जुळवणारा माणूस म्हणून माझं नाव राहिलं असतं. पत्र खिशात घालून मी संध्याकाळी माणिकप्पाच्या घरी गेलो.

गुणाबाई कामावरून येऊन हाताच्या फोडांना तेल लावत होती. माणिकप्पा भिंतीला टेकून बसला होता. मी पत्र वाचून दाखवलं आणि म्हणालो, "एकदा जाऊन माफी मागू. मी येतो संगं. तुम्ही मुद्दाम दाखवला नाही, हे पटवून देऊ."

शिवकन्या दारात उभी होती. माणिकप्पानं तिच्याकडे बघितलं. आठ दिवस मनात घोळवत होता तो प्रश्न त्यानं विचारला. "तुला म्हाईत होता का गं शेवट?"

"हाव," ती म्हणाली. "मावशीसंगं बघितला होता. सगळ्या मुरुडाला म्हाईत होता, अप्पा. तुमच्या मंडळाला सोडून."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"पिक्चरचं न्हाई सांगितलं. दुसरं सांगितलं होतं. तीनदा." तिचा आवाज चढला नाही. "अंगठी मागितली त्या दिवशी म्हणलं, अप्पा, ह्या घरात मला भ्या वाटतंय. स्कूटर मागितली तवा म्हणलं. रान विकायचं ठरलं तवा बी म्हणलं. तिन्हीदा रेडिओ चालू होता. तिन्हीदा तुमी म्हणालाव, थांब गं, अंतरा चालू हाय."

गुणाबाईचा हात तेलाच्या वाटीत तसाच राहिला. मला तिथं बसवेना. मग माणिकप्पा मला म्हणाला, "गुरुजी, शरणप्पाला कळवा. पोरीनं न्हाई म्हणलंय. मी म्हणलं असं लिहू नका, पोरीनं म्हणलं असंच लिहा."

मी मान हलवली. तो शिवकन्येला म्हणाला, "बस. काय काय सांगायचं होतं ते आता सांग, पहिल्यापासून."

ती बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "गुरुजी हे स्थळ घेऊन आले त्या दिवशी..."

मी हळूच उठलो आणि चपला बघायला लागलो. माणिकप्पानं माझं मनगट धरलं. मापाची पोती उचलून तयार झालेला हात, तो सुटणारा नव्हता. "बसा गुरुजी," तो म्हणाला.

मी बसलो. ती तासभर बोलली. माझ्याबद्दल ती जे जे बोलली, ते सगळं खरं होतं.