सहीआधीचा पेढा

आमच्या हिर्डोशीच्या अंगणवाडीताईंवर अन्याय झाला तो गेल्या अक्षय तृतीयेला, सकाळी, भोरात, माझ्या सख्ख्या मामांच्या ऑफिसात. आणि तो करणाऱ्या मामांइतका प्रेमळ माणूस अख्ख्या भोर-वेल्ह्यात दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हीच माझी पंचाईत.

मामा घरं विकतात आणि त्याच घरांवर कर्जही करून देतात. टेबल एक, खुर्च्या दोन. खिडकीकडच्या खुर्चीत ते घराचे एजंट. भिंतीकडच्या खुर्चीत, चष्मा चढवून, कर्जाचे. गिऱ्हाइकाला पालीहून स्वतःच्या जीपमधून आणतील, वास्तुशांतीला घरधन्याच्या आधी स्वतः रडतील. ताईंना लेकीच्या कॉलेजसाठी भोरात दोन खोल्या हव्या होत्या. त्यांनी भीतभीत विचारलं, "मामा, हप्ता झेपंल का मला?" मामा उठले, टेबलाला वळसा घालून भिंतीकडं बसले, चष्मा लावला. "झेपंल की! लई आरामात."

"पन तुमी बोलताय कुनाच्या बाजूनं?"

"तुमच्या, ताई! आनि कुनाच्या?"

आम्ही सगळे हसलो. ताईही हसल्या.

मामांची रीत अशी, की आधी तोंड गोड, मग कागद. सहीआधीच गावात पेढे. ताईंचे पेढे घरोघर मीच वाटले. चार दिवसांनी त्यांना कळलं, दुसऱ्या बँकेत व्याज बरंच कमी आहे. सही व्हायची होती अजून. मी म्हटलं, मग थांबा की. तर म्हणाल्या, "आता कसं न्हाई म्हनू? गावानं पेढं खाल्लं." झाली सही. बिल्डरचं कमिशन मामांना, कर्जवाल्यांचंही मामांनाच; हे ताईंना कुणी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. पण सावकारशाहीला गाडायला निघालेली माझी पत्रकं मामाच छापून देतात. 

आज त्या दोन खोल्यांत भाडेकरू आहेत, हप्ता सुटावा म्हणून. लेक अजून हिर्डोशीहूनच एसटीनं जाते. एसटी चुकली की कॉलेज बुडतं. परवा मामांनी मला विचारलं, "ताई वाट वाकडी करून जात्यात रं. रागावल्यात व्हय?" चष्मा हातातच होता. कुठल्या खुर्चीत बसावं ते कळेना त्यांना. किती तरी वेळ दारातच उभे होते.

हे पत्रक मी हातानं लिहिलंय. असा गोड मामा तुमच्याही ओळखीत असेल. त्याला तोंडावर विचारा : या कर्जात तुम्हाला काय मिळतं? उत्तर येईपर्यंत पेढ्याला हात लावू नका.