न पाहिलेल्या पिक्चरचा शेवट

हसायचं नाही असा आधी शब्द द्या, मगच सांगतो. आणि चहा मागवा, हा किस्सा कोरड्या घशाने सांगण्यासारखा नाही. माणसाने जळावं, पण किती जळावं? मी इतका जळलो, इतका जळलो, की शेवटी स्वतःच्याच हाताने स्वतःची फजिती करून घेतली.

गोष्ट जळगावची. माणूस चंद्रावर जाऊन आला, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली. मी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होतो. पण ते आपलं पोटापुरतं. माझी खरी ओळख होती टॉकीजच्या दारात.

आमच्या भागातल्या टॉकीजचे मॅनेजर म्हणजे नाना. त्यांनी दारात एक काळा फळा टांगला होता. शुक्रवारी नव्या पिक्चरचा पहिला खेळ सुटला, की नाना एखाद्या जाणकार माणसाला थांबवायचे, त्याचं मत विचारायचे आणि रंगीत खडूने फळ्यावर लिहायचे. खाली नाव! मग आठवडाभर गाव ते वाचणार आणि तिकीट काढायचं की नाही ते ठरवणार.

आणि हा जाणकार कोण? अहो, मीच की! चार वर्षं त्या फळ्यावर दुसऱ्या कुणाचं नाव लागलं नव्हतं. भाजीवाली मला बघून दोन मिरच्या जास्त टाकायची. साहेबसुद्धा फायलीवर सही करता करता विचारायचे, "काय दिनकरराव, नेऊ का कुटुंबाला?"

आणि मग आला कांतीशेठ.

कांतीशेठचं कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या इथल्या. अंगात टेरिलीनचा शर्ट, केसांना सुगंधी तेल. हा गडी माल आणायला महिन्यातून एकदा मुंबईला जायचा आणि तिथे पिक्चर बघून यायचा. आमच्याकडे पिक्चरच्या रिळांची पेटी उतरायच्या आधी याचं मत तयार! नानांना तेच पाहिजे होतं. एका शुक्रवारी मी खेळ संपवून ऐटीत बाहेर आलो, तर फळा आधीच भरलेला. त्यावर एवढंच: "डोळ्यांना सुख, डोक्याला सुट्टी. – कांतीलाल."

बस्स! चार शब्द! मी नऊ-नऊ ओळी सांगायचो. छायाचित्रण, संवाद, नायकाची चाल, सगळं. नाना खडू संपला म्हणून कुरकुरायचे. आणि हा चार शब्दांत मोकळा.

त्याहून कहर म्हणजे आमची कुसुम. बाजारातून येताना तिने फळा वाचला आणि घरी येऊन पिशवी ठेवत म्हणाली, "किती नेमकं लिहितात हो कांतीशेठ!"

लग्नाला सात वर्षं झाली होती. माझ्या नऊ ओळींबद्दल ही बाई कधी एक शब्द बोलली नव्हती. तुम्हीच सांगा, माझ्या जागी असता तर तुमचं टाळकं सटकलं नसतं? मला त्या दिवशी वांग्याचं भरीत गोड लागेना. जळगावच्या माणसाला भरीत गोड लागत नाही, म्हणजे दुखणं किती खोल गेलं असेल बघा.

चार-सहा महिने असेच गेले आणि मग मला संधी सापडली. पोस्टर लागलं: मंगळावर जाणाऱ्या यानाचा तो जुना गाजलेला पिक्चर नव्याने, रंगीत येतोय! लाखोंचा खर्च, काचेचं शहर, आकाशात लढाई! जुना मी लहान असताना आला होता, काळा-पांढरा. मी लगेच चहाच्या टपरीवर जाहीर करून टाकलं, "हे बघा, नव्यावर मत देण्याचा अधिकार ज्याने जुना पाहिलाय त्यालाच. मी धुळ्याला पाचदा पाहिलाय."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी तो एकदाही पाहिला नव्हता.

माझं बालपण साक्रीचं. तिथे कसली टॉकीज! मामा एकदा धुळ्याला गेले, तेव्हा त्या पिक्चरची गाण्यांची पुस्तिका घेऊन आले. दोन आण्यांना मिळायची. त्यात गाणी असायची आणि सुरुवातीला गोष्ट. ती पुस्तिका मी इतकी वाचली की तिची पानं मऊ पडली. म्हातारा शास्त्रज्ञ यान बांधतो, चार जणांना घेऊन मंगळावर जातो, तिथे यानाचं इंजिन बंद पडतं आणि... आणि काय? पुस्तिकेत ठरलेली ओळ असायची ना! "पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पाहा."

आम्ही कुठून पाहणार? मग मी शेवट मनानेच रचला. यान दुरुस्त होतं, पण वजन जास्त होतं म्हणून एकाला मागे राहावं लागतं. म्हातारा गुपचूप उतरतो आणि बाहेरून दार लावतो. यान उडतं. तो एकटा लाल मातीत उभा राहून पृथ्वीकडे बघत टोपी हलवतो. समाप्त! वर्षानुवर्षं मी हा शेवट लोकांना सांगत आलो. लग्नानंतर पहिल्यांदा कुसुमला सांगितला, तेव्हा ती रडली होती. हळूहळू मलाही वाटायला लागलं की मी तो पाहिलाय.

असो. शुक्रवारी नवा लागला. खेळ सुटल्यावर नाना प्रत्येकाला विचारत होते.

केळीचे एक बागायतदार म्हणाले, "खर्च दिसतो बुवा. पण मंगळावरचं ऊन आपल्या मे महिन्याच्या मानाने काहीच नाही!"

शाळेतले गुरुजी तावातावाने म्हणाले, "हवा नाही म्हणता, मग बाई गाते कशी?"

एक आजी म्हणाल्या, "सगळं झ्याक आहे, पण पोरं अख्ख्या पिक्चरभर जेवलीच नाहीत."

मग नाना कांतीशेठकडे वळले. मी मध्येच घुसलो. "थांबा! शेठ, तुम्ही जुना पाहिलाय?"

कांतीशेठ माझ्याकडे वळला. मग मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही पाहिलाय ना, दिनकरराव? मग तुम्हीच सांगा. काय होता शेवट?"

मी सांगितला! असा सांगितला की तिकिटाच्या खिडकीतला माणूससुद्धा बाहेर आला. टोपी हलवायच्या जागी मी स्वतःची टोपी काढून हलवली. वर ठोकून दिलं, "धुळ्याला बायकांचे पदर भिजले होते पदर!" गुरुजींनी नाक ओढलं. कांतीशेठ नुसता म्हणाला, "वा. असं होय!"

फळ्यावर माझं मत लागलं: "पैसा ओतला, पण जुन्याच्या शेवटाची सर नाही. – दिनकरराव." मी घरी उड्या मारतच गेलो म्हणा ना.

इथे थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. पण मत भलतंच पसरलं. नव्याला गर्दी कमी आणि "जुना दाखवा, जुना दाखवा" असा लोकांचा घोशा! मंगळवारी नाना हसत हसत कचेरीत आले. "दिनकरराव, तुमची कृपा! भुसावळच्या वितरकाकडे जुन्याची पेटी निघाली. रविवारी सकाळी एकच खेळ लावतोय. टांग्यावर भोंगा फिरवतोय तुमच्या नावाने!"

मी टाक बाजूला ठेवला. म्हटलं, "नाना, पेटी जुनी आहे, तुटेल."

"जोडू की."

"लोक येणार नाहीत."

"बोदवडहून दोन गाड्या भरून येतायत!"

तेवढ्यात खिडकीखालून टांगा गेला. भोंगा ओरडत होता, "दिनकररावांना पाचदा रडवणारा पिक्चर! रुमाल घेऊन या!" साहेबांनी तिथल्या तिथे रविवारची चार तिकिटं मागून घेतली.

शनिवारी मी पोटदुखीचं सोंग घेतलं. कुसुमने ओव्याचा काढा पाजला आणि म्हणाली, "रविवारपर्यंत बरं व्हायलाच पाहिजे. मी माहेरी निरोप धाडलाय." संध्याकाळच्या एसटीने शिंदखेड्याहून सासरे, म्हणजे आबा, सासूबाई, मेहुणे, मेहुण्या मिळून आठ माणसं उतरली. सासूबाईंनी रडायला म्हणून वेगळे दोन रुमाल आणले होते. मेहुण्या पिक्चरबद्दल विचारायला लागल्या की मी पोट धरायचो.

रविवारी टॉकीजमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधल्या रांगेत आम्ही, पुढच्या रांगेत साहेब आणि नेमका माझ्या पाठीमागे कांतीशेठ. पिक्चर सुरू झाला. पुस्तिकेबरहुकूम चालला होता, म्हणून मी जरा सावरलो. आबांच्या कानात पुढचं पुढचं सांगायला लागलो, "आता यान हलेल बघा. आता तो मुलगा पाणी मागेल." आबा मोठ्या कौतुकाने मान हलवत होते. मला वाटलं, कोण जाणे, शेवटही मी रचला तसाच असला तर? देवाच्या मनात आलं तर काय अशक्य आहे? मी ग्रामदैवताला नारळ कबूल केला.

मंगळावर इंजिन बंद पडलं. पुस्तिका संपली. आता गावाला पुढचं जेवढं ठाऊक होतं, तेवढंच मलाही.

पडद्यावर म्हातारा शास्त्रज्ञ उठला. यानाच्या दाराकडे गेला. त्याने दार उघडलं, सासूबाईंनी रुमाल काढला, आणि दारात उभी कोण? त्याची बायको! हातात लाटणं! "अहो, उठा की! दळण कोण आणणार?"

सगळं स्वप्न होतं! म्हातारा घरच्या आरामखुर्चीत घोरत होता. मग त्याने डोक्यावर दळणाचा डबा घेतला, बायको मागून ओरडत राहिली आणि दोघांनी मिळून एक विनोदी गाणं म्हटलं. समाप्त.

टॉकीज हसून हसून कोसळायची बाकी राहिली. साहेब मागे वळून माझ्याकडे बघत हसत होते. आबांनी मला कोपराने ढोसलं, "जवाईबापू, बठ्ठा हासी राह्यनात. रडानं कव्हय शे?"

सगळे हसतायत, मग रडायचं कधी? अहो आबा, मी रडतोच होतो की!

कुसुमकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. लग्नानंतरच्या त्या पहिल्या अश्रूंचा हिशेब ती आता मागणार, हे मी ओळखून होतो. बाजूच्या दाराने सटकायला गेलो, तर तिथे नाना. त्यांनी माझं मनगट धरून मला ओढतच फळ्यापुढे आणलं. भोवती सगळं गाव. गुरुजी ओरडले, "काय हो, टोपी कुठे हलवली त्याने?"

तेवढ्यात मागून कांतीशेठ आला. मनात म्हटलं, संपलं. आता हा माझी पुरती उतरवणार.

तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "मी लहानपणी हा पिक्चर तीनदा बघितलाय, दिनकरराव."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतकं छान सांगत होता! मध्ये बोलणार कोण?"

त्याने नानांच्या हातातला खडू घेतला, माझं मत पुसलं आणि झोकदार अक्षरात लिहिलं: "नवा ठीक. जुना बरा. दिनकररावांनी सांगितला तो सगळ्यांत चांगला. – कांतीलाल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! साहेबांनी पाठ थोपटली. गुरुजी म्हणाले, "खरंय, शेवट तुमचाच पाहिजे होता." सासूबाईंनी न वापरलेला रुमाल घडी घालून ठेवला आणि म्हणाल्या, "घरी चला, तुमचा शेवट परत एकदा सांगा."

तुम्हाला वाटेल, सुटलो. अहो, कसला सुटलो! आयुष्यात पहिल्यांदा फळ्यावर माझी स्तुती लागली, तीसुद्धा त्याच्या अक्षरात आणि त्याच्याच सहीने! वर वाक्य असं, की जन्मभर डोकं आपटलं तरी मला सुचलं नसतं. उपकारही त्याचे आणि टाळ्याही त्याच्याच.

घरी जाताना कुसुम झपाझप पुढे चालत होती. मी मनात माफीची नऊ वाक्यं जुळवत होतो. दाराचं कुलूप काढता काढता ती थांबली, माझ्याकडे वळली आणि एक सुस्कारा सोडून म्हणाली,

"काही म्हणा, किती नेमकं लिहितात हो कांतीशेठ!"