बाईच्या वडिलांची गोष्ट

आमच्या घरातली शाळा सकाळच्या भाकऱ्या झाल्या की भरायची. जागा चुलीपुढची. विद्यार्थी दोनच, माझा थोरला भाऊ शमुवेल आणि मी. आणि मास्तरीण म्हणजे आमची आई, जिला आम्ही बाई म्हणत असू. शाळेत पाट्या होत्या, फळा होता, एक छडीसुद्धा होती, पण छडीनं बाई दांडीवरचे कपडे तेवढे सारखे करायची. नव्हती ती घंटा. घंटेचा बाईला मनस्वी तिटकारा. ती मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेली. उठायचं घंटेवर, जेवायचं घंटेवर, रडायचं तेसुद्धा पुढची घंटा व्हायच्या आत. रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळाची घंटा झाली की मात्र ती लगबगीनं पदर सारखा करायची. “ती बोलावते गं, हाकत नाही,” असं म्हणायची.

आम्हाला घरी शिकवावं असं काही तिनं हौसेनं ठरवलं नव्हतं. शमू सहा वर्षांचा झाला तेव्हा नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला पेठेतल्या शाळेत नेऊन बसवलं. मास्तरांनी जात विचारली. नाना म्हणाले, “ख्रिस्ती.” मास्तर म्हणाले, “ते झालं हो, मूळची?” नानाही त्याच आश्रमातले, मोठ्या दुष्काळात तिथं आलेले, मूळ त्यांना तरी कुठलं ठाऊक? ज्याला जात माहीत नाही तो सगळ्यांत खालचा, असं मास्तरांनी परस्पर ठरवून टाकलं आणि शमूला उंबऱ्याबाहेर बसवलं. तो तिसऱ्या दिवशी तापानं फणफणून घरी आला, तो पुन्हा गेला नाही. हे कळल्यावर मिशनच्या मिसबाई दोनदा येऊन गेल्या. मुलांना बोर्डिंगात पाठवा, म्हणाल्या. बाईनं त्यांना चहा दिला आणि हात जोडून सांगितलं, “मिसबाई, तुमचं अन्न खाऊन मी वाढले, ते मी जन्मात विसरायची नाही. पण रांगेत मी वाढले तेवढं पुरे की. माझी पोरं माझ्या मांडीला मांडी लावून शिकतील.”

शुक्रवार पेठेतलं आमचं बिऱ्हाड दीड खोलीचं. भिंतीपलीकडे एका तेलुगू विणकराचा माग होता. सकाळी तो सुरू झाला की बाई म्हणायची, “चला, तबला लागला.” मग खटक-खटक अशा तालावर आमचे पाढे चालायचे. पलीकडे धागा तुटला की माग थांबायचा आणि आम्ही दोघं सत्त्याऐंशीच्या पुढे तोंड उघडून वाट बघत बसायचो. आजही एकोणतिसाचा पाढा म्हणताना माझा पाय आपोआप हलतो. लोक हसतात, हसोत बापडे.

वाचायला घरात मोठ्या अक्षरांचं पुस्तक एकच, ते म्हणजे शास्त्र, आमचं बायबल. त्यामुळे आमची मराठी भारीच भारदस्त झाली होती. मांजरीनं दूध सांडलं तर शमू सांगत यायचा, “आणि असे झाले की मांजर आत आले, आणि पाहा, दूध उरले नाही!” नाना गिरणीतून दमून आलेले असायचे. ते डोक्याला हात लावून म्हणायचे, “अगं, ही पोरं बोलतात की उपदेश करतात?” बाई हसायची, पण सुधारायची नाही. स्वतः ती फार स्वच्छ, वळणदार बोलायची. आश्रमात कुणी पुण्याकडच्या शिक्षिका होत्या, त्यांचं ते देणं. रागावली की तेवढी पट्कन सोलापूरची व्हायची, “काय लावलंय रे हितं?” आणि मग आम्ही चिडीचूप.

शाळा सुटायच्या वेळी ती रोज एकच विचारायची. “बाहेर कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगायचं?”

“आम्ही ख्रिस्ती.”

“आणि?”

“आणि सोलापूरचे.”

“आणि?”

शमू माझ्याकडे बघायचा, मी शमूकडे. बाई म्हणायची, “आणि काही नाही. एवढं पुष्कळ झालं की.”

मला ते पुष्कळ वाटेनासं झालं ते अकराव्या वर्षी. चुलीपुढच्या शाळेत इंग्रजी फारसं नव्हतं, म्हणून मला मुलींच्या शाळेत घातलं. परीक्षा घेऊन वरच्या वर्गात बसवलं, याचा मला कोण तोरा! पण पहिल्याच मधल्या सुट्टीत कुसुम नावाच्या मुलीनं विचारलं, “तुम्ही बाटण्याआधी कोण होता गं?” ख्रिस्ती सांगून झालं, सोलापूरचे सांगून झालं. ती आपली माझ्या तोंडाकडे बघत उभी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “माझ्या आईचे वडील शास्त्री होते. अक्कलकोटचे.”

बाईची भाषा शुद्ध, म्हणून शास्त्रीबुवा मी तिच्या वाट्याला दिले. आणि एकदा दिले म्हटल्यावर मी कंजुषी केली नाही. त्यांना शेंडी दिली, शालजोडी दिली, दारात प्राजक्त लावला. एका साहेबाशी सात दिवस वाद घालून ते ख्रिस्ती झाले, असंही ठोकून दिलं. कुसुम मला आपल्या शेजारी बसवायला लागली. घरून आणलेली चकली अर्धी मोडून द्यायला लागली. हातावर उंचावरून टाकायची, पण द्यायची. मी आजोबांवर बेहद्द खूश होते.

एका शनिवारी दुपारी कुसुमची आई आमच्या दारात उभी! “दया तुमचीच ना? म्हटलं, भेटून यावं. माझं माहेर अक्कलकोटचं.” मी दाराआड गेले. बाईनं चटई टाकली, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. ती चटईच्या काठावर बसून म्हणाली, “तुमचे वडील शास्त्री होते म्हणे. कुठल्या आळीतले? माझ्या आप्पांना ठाऊक असतील.”

बाईनं मान वळवून दाराच्या फटीतून माझ्याकडे एकदाच पाहिलं. ‘हो’ म्हण, बाई, एकदाच म्हण, असं मी मनात घोकत होते. देवाचीच प्रार्थना करत होते म्हणा ना, खोटं निभावू दे म्हणून!

“नाही हो ताई,” बाई म्हणाली. “माझे वडील कोण, मला ठाऊक नाही. मोठ्या दुष्काळात मला कुणीतरी आश्रमाच्या दारात आणून सोडलं. तीनेक वर्षांची असेन. शास्त्रीबुवा आमच्या दयानं रचलेत. निबंध बरा लिहिते ती.”

“अगं बाई!” कुसुमची आई उठूनच उभी राहिली. “येते हं मी.” पण उंबऱ्याशी थांबली. हलक्या आवाजात म्हणाली, “आईचं काही आठवतं का हो?”

“हात आठवतो,” बाई म्हणाली. “बांगडी नसलेला.”

कुसुमच्या आईच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तांब्यातल्या पाण्याला मात्र तिनं हात लावला नाही. दोन्ही खरं, म्हणून दोन्ही सांगते.

मी दाराआडून बाहेर आले तेव्हा बाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मी म्हटलं, “बाई, मार मला.” ती खडे वेचत राहिली. वेचता वेचता म्हणाली, “आजोबा हवे होते होय तुला? मी कमी पडले का गं?”

मारलं असतं तर बरं, असं मला वाटलं. मी तिच्या मांडीत तोंड खुपसून हमसून हमसून रडले. तिनं सूप बाजूला ठेवलं. “रडू नकोस. तुझ्याएवढी होते तेव्हा मीपण रोज एक बाप रचायची की! एकदा मामलेदार केला, एकदा तर अक्कलकोटचा राजाच केला. घंटा झाली की तो जायचा.”

“मग कधी थांबलीस?”

“शमू झाला तेव्हा. त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि वाटलं, आता मी कुणाची तरी आई आहे. लेक कुणाची, ते देवाला ठाऊक आहे. त्याला ठाऊक आहे ना, मग झालं.”

सोमवारी मी कुसुमला सगळं खरं सांगितलं. तिनं दप्तर उचललं आणि पुढच्या बाकावर गेली. पंधरा दिवस बोलली नाही. मग त्रैराशिक अडलं तेव्हा आली आणि परत माझ्या शेजारीच बसली. चकली त्यानंतरही वरूनच पडायची. मी घ्यायची कधी, कधी नाही घ्यायची.

मी शिक्षिका झाले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी बाई गेली. विषमज्वरानं अकरा दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. नाना भिंतीला टेकून नुसते बसून होते, शमू शवपेटीचं बघायला गेलेला. म्हणून दफनाच्या नोंदवहीत माहिती द्यायला देवळातल्या पाळकांकडे मी गेले. नाव झालं, वय अंदाजानं झालं. मग त्यांनी विचारलं, “आईबापांची नावं?” मी वहीतल्या त्या रकान्याकडे पाहिलं. ते भले गृहस्थ, त्यांना सगळं ठाऊक होतं. म्हणाले, “असू दे बेटा. अशा वेळी आम्ही ‘अनाथ’ लिहितो.”

“नको,” मी म्हटलं. “लिहा, शमुवेल आणि दया यांची आई.”

“अगं, हा रकाना आईबापांचा आहे.”

“ठाऊक आहे. तरी तेच लिहा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टाक दौतीत बुडवला आणि सावकाश, नीट अक्षरात तसंच लिहिलं. शाई वाळेपर्यंत मी उभी होते. मग तिथेच खुर्चीत बसले आणि बाई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले.