काथोड काकांच्या धंद्याचा रकाना

काथोड काका आज सकाळी भाताच्या चिखलात गेले.

आणि दुपारी मी त्यांना शेतकऱ्यांतून काढून टाकलं.

हे लिहिणं सोपं नाही. पण लिहितो. खारबावकडच्या मित्रांना काका माहीत आहेत, बाकीच्यांना सांगतो.

गोदामांखाली जाऊन आमच्या घरची जी काही जमीन उरली, ती गेली कित्येक वर्षं काका कसत होते. अर्धं भात त्यांचं, अर्धं आमचं. सातबाऱ्यावर नाव माझं. मी गोदामात सुपरवायझर. आयुष्यात कधी नांगराला हात लावलेला नाही.

काल संध्याकाळी त्यांचा फोन आला होता.

"नितीनशेट, शिफ्ट कवा सुटतं? आवणी चालू हाय. ये जरा, भात लावाया न्हाय तर रोपाच्या मुठी फेकाया तरी ये."

म्हटलं, "काका, रविवारी नक्की."

"रविवारी तू जेवाया येशील," असं म्हणून हसले आणि फोन ठेवला.

आज सकाळी नऊला काकींचा फोन.

"ते बांधावर बसलंत. उठत न्हाईत."

बस्स. एवढंच.

मी बाइकवरून पोचलो तेव्हा काकांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, हातात रोपाची एक मूठ, आणि चेहरा असा की आत्ता काहीतरी टोमणा मारतील. मी दोनदा हाक मारली. अजून पटत नाहीये. काल तर बोललो यार.

टोमणे मारण्यात काकांचा हात कुणी धरला नसता. एकदा बांधावर भाकरी खाताना मला म्हणाले,

"शेतकरी चार तऱ्हेचं असत्यात बघ. एक कागदावरचा. एक गाडीतला, फार्महाऊसवाला, शनवारी येतो नि झाडासंगं फोटो काढतो. एक बांधावरचा, छत्री घेऊन मजुरांना वरडणारा. नि एक चिखलातला."

"मी कोणता?"

"तू? तू तर पक्का कागदावरचा! तुजं नाव पावसात पन भिजत न्हाय."

दर मे महिन्यात घरी यायचे. सातबाऱ्याची झेरॉक्स घ्यायला. अनुदानाचं बियाणं त्याशिवाय मिळत नाही ना. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती बंडीच्या खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "तुज्या नावाचं बी घेतो, माज्या हातानं पेरतो."

शेजारी गोदाम झालं. त्याची भिंत एवढी उंच की दुपारनंतर अर्ध्या शेतावर सावली. मी म्हटलं, आता तो तुकडा सोडा. काकांनी सोडला नाही. तिथे लवकर तयार होणारं हळवं भात लावलं. ऊन कमी मिळालं तरी बाकीच्या शेताबरोबर कापणीला आलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि अशा माणसाचा फॉर्म मी भरला.

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी मान हलवली, आणि कुणीतरी माझ्या हातात मृत्यूनोंदणीचा कागद दिला. नाव, वय, पत्ता. मी यंत्रासारखा भरत गेलो. मग रकाना आला. मृत व्यक्तीचा धंदा.

मी लिहिलं, "मजुरी".

विचारसुद्धा केला नाही. आमच्याकडे शेतकरी म्हणजे सातबारा. ज्याचं नाव त्यावर नाही तो मजूर. इतकं डोक्यात बसलंय.

तेवढ्यात त्यांची मुलगी सुरेखाताई पडघ्याहून पोचली. रडून रडून डोळे सुजलेले. सहीसाठी कागद तिच्यापुढे धरला. तिने तो वाचला. परत वाचला.

"दादा, बाबा तुमच्याकडं मजुरीला व्हतं?"

"नाही गं ताई... सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही ना, म्हणून..."

"सातबारा तुमचा हाय. भात कुनाचं व्हतं?"

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

धरणीने पोटात घेतलं तर बरं असं मला झालं. ज्या माणसाचं भात मी जन्मभर खाल्लं, त्याला मी पेनाच्या एका फटक्यात मजूर केलं. कागदावर शेतकरी म्हणून नाव लागायची त्यांना आयुष्यात एकच वेळ आली, आणि पेन माझ्या हातात होतं.

क्लार्क म्हणाला, "खाडाखोड चालत नाही. नवीन फॉर्म घ्या."

घेतला. सगळं पुन्हा लिहिलं. धंदा : शेतकरी.

मला वाटलं, आता विचारेल, सातबारा कुठाय. मी सांगायला तयार होतो. भांडायलाही तयार होतो.

त्याने विचारलंच नाही. सुरेखाताईची सही पाहिली, शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

एवढं सोपं होतं ते.

संध्याकाळी सगळं आटोपून येताना शेताकडे गेलो. अर्धं शेत लावून झालंय. बाकीच्या मुठी बांधावर पडल्यात. काकी म्हणाल्या, "रोपाला सुतक नसतं रे. परवापर्यंत सुकंल."

उद्याची रजा टाकली आहे. सकाळी सातला मी चिखलात उतरतोय. मला काही येत नाही. ज्यांना येतं त्यांनी या, मला शिकवा.

काका, श्रद्धांजली म्हणायला जीभ रेटत नाही. रविवारी येतो म्हणालो होतो, उद्याच येतोय. चुकलं तर वरून वरडा.

तुमचा,
कागदावरचा नितीन