तातेरावांचा परतूरचा बाजार

बदनापूर स्टेशनाबाहेर तातेरावांचं पंक्चरचं दुकान. ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवणारच, की आपल्याला जन्मात साधी शिंक आलेली नाही. मिशीला पीळ देऊन बोलणाऱ्या माणसाला खोटं कोण पाडणार? गिरिजाबाईही नवऱ्याचं खरं मानायच्या. फक्त हा माणूस अधूनमधून परतूरच्या बाजाराला जातो आणि रिकाम्या हातानं का येतो, एवढं त्यांना उमगत नव्हतं.

नात मोनालीला रक्ताचा आजार झाला; तिच्या धाकट्या भावाची अस्थिमज्जा तिला दिली, ती रुजलीही. पण एका विषाणूनं असं ठाण मांडलं, की औषधांनी हात टेकले. पोर दिवसेंदिवस वाळत चालली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बोलावलं.

"हा विषाणू ज्याच्या अंगातून होऊन गेलाय, त्याच्या रक्तातल्या काही पेशी त्याला ओळखतात. भाऊ लहान, त्याच्या पेशींची या विषाणूशी अजून ओळख नाही. घरात कुणाचं जुळलं, तर तशा पेशी निवडून मोनालीला देता येतील."

"माझं रक्त घेऊ नका म्याडम, वाया जाईल," तातेराव ऐटीत उठले. "मला कधी काही झालंच न्हाई."

"मग उपयोग होणं कठीण," म्हणून बाई दुसऱ्यांकडे वळल्या.

तातेराव दारापर्यंत गेले. काचेपलीकडून मोनालीनं काडीसारखा हात हलवला. ते माघारी फिरले.

"घ्या माझंच. ताप, खोकला, सगळं होऊन गेलंय."

"कवा?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"परतूरला."

"तिथं तर बाजाराला जात व्हते ना तुम्ही?"

"कसला बाजार! गोजराबहिणीच्या घरी गोधडीत पडून राह्यचो."

"अन् मी इथं गल्लीभर तुमच्या तब्येतीचा डंका पिटून राह्यले!"

रक्त निम्मं जुळलं, तेवढं पुरलं. तातेरावांच्या पेशींनी विषाणूला हळूहळू हटवलं. मोनाली घरी आली त्या दिवशी तातेराव दुकानामागं जाऊन पोटभर रडले.

मग एका सकाळी चहा पिताना त्यांना सणसणीत शिंक आली. पोरीला अजून जपायचं होतं. गिरिजाबाईंनी पिशवी हातात ठेवली, "जा परतूरला."

स्टेशनावर ओळखीच्यानं हटकलं, "काय तात्या, बाजाराला?"

"न्हाई बाबा," तातेराव सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सर्दी झाली. बहिणीकडं झोपायला चाललो."