बेनिताच्या वाटचं जेवण

पुनाता गावात मेलेल्या माणसाला जेवू घालायचं असलं की निकोलासाला बोलवायचं, यात कुणी कधी दुसरा विचार केला नाही. सर्व संतांच्या सणाला, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला भर दुपारी, आत्मे आपापल्या घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारची घंटा झाली की परत जातात. तेवढ्या वेळात त्यांच्या आवडीचं रांधून टेबलावर मांडायचं. पण आत्म्याला तोंड कुठलं? घरच्यांनी त्या ताटाला हात लावायचा नसतो. बाहेरच्या माणसानं प्रार्थना म्हणायची आणि मेलेल्याच्या नावानं जेवायचं. तो जेवला की मेलेला जेवला. ताटात उरलं तर मेलेला वर्षभर अर्धपोटी राहतो. त्यातून पहिल्या वर्षाचा नवा आत्मा असला तर विचारूच नका, त्याची भूक सगळ्यांत मोठी असते.

जेवणारे काय, गावात पुष्कळ होते. चार ओळी पुटपुटायच्या, सणासाठी भाजलेल्या पावाच्या बाहुल्या पिशवीत कोंबायच्या आणि पुढच्या घरी पळायचं. निकोलासाचं तसं नव्हतं. बाई अंगानं ऐसपैस, तिच्यासाठी लोक आधीच भक्कम बाक आणून ठेवायचे. बसली की आधी विचारायची, "कसा जेवायचा गं तुझा नवरा? मिरची वर ओतून घ्यायचा की बाजूला?" आणि मग तश्शी जेवायची. गिरणीवाल्याच्या विधवेला विचारा. तो हाड ताटाच्या कडेवर टकटक आपटून आतला मगज काढायचा. निकोलासानं तसंच हाड आपटलं, तेव्हा ती बाई शालीचं टोक तोंडाला लावून भिंतीकडे वळली. शेवटी निकोलासा पावाच्या तुकड्यानं ताट पुसून घ्यायची. घरचे विचारायचे, "पोटभर?" ती म्हणायची, "पोटभर. आत्मा थंड झाला." मग त्या घरात सगळ्यांना पहिल्यांदा मोकळं रडता यायचं.

एरवी ती बाजारात उकडलेले मक्याचे टपोरे दाणे विकायची. शेजारी बेनिताची तळलेल्या डुकराच्या मांसाची कढई. मांस घेतलं की दाणे हवेतच, म्हणून दोघींचं गिऱ्हाईक एक, सावली एक आणि भांडणंही एकच. बेनिता काडीसारखी. तिच्या तोंडाचा पट्टा मात्र दिवसभर चालू.

"निको, तू शिंकलीस की माझी कढई हलते. जरा सरक तिकडं."

"तुझ्या अंगावर मांस असतं तर तू पण शिंकली असतीस. सगळं कढईत घातलंस."

बेनिताच्या पोटात गाठ निघाली तेव्हाही हेच चालू होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. ते बेनिताला ठाऊक होतं, निकोलासालाही ठाऊक होतं, आणि दोघींपैकी कुणीही ते तोंडातून काढत नव्हतं. त्याच सुमारास निकोलासाच्या साखरेनं कहर केला. पायाचं बोट काळं पडलं, चार पावलं टाकली की धाप लागायची. शहरातला डॉक्टर म्हणाला, पोट कापून लहान करू, नाहीतर पुढचं वर्ष बघायची आशा सोडा. निकोलासा तयार होईना. बेनितानं कढईतला झारा तिच्यावर उगारला.

"जा आणि काप ते पोट. तू आधी गेलीस तर माझ्या नावानं कोण जेवणार? ती इलारिया? ती खाताना मचमच करते. मला तिच्या तोंडून जेवायचं नाही, सांगून ठेवते."

"अगं पण पोट कापल्यावर मी जेवणार कशी?"

"ते बघू पुढं. मी काय उद्या मरते का?"

उद्या नाही, पण फार थांबलीही नाही. सप्टेंबरात निकोलासाचं पोट कापून मुठीएवढं केलं. ती घरी आली, गाळलेल्या सारावरून उकडून घोटलेल्या भोपळ्यावर आली आणि मध्येच पुन्हा आतून काहीतरी चिकटलं म्हणून तिला परत शहरात नेलं, हाताला सलाइन लावून ठेवलं. ती तिथं असतानाच बेनिता गेली. बेनिताच्या मातीला निकोलासा नव्हती. एवढ्या वर्षांची शेजारीण, आणि तिच्या पेटीवर मूठभर माती टाकायला हिचा हात नव्हता. निकोलासाच्या जिवाला हे फार लागलं. म्हणून तिनं मनाशी एकच धरून ठेवलं होतं, सणाला तिचं ताट मी रिकामं करीन.

बेनिताची लेक रोसमेरी. तिच्या बाप्तिस्म्याला निकोलासानंच तिला हातावर धरलं होतं, म्हणून ती हिला मावशी म्हणायची. सणाच्या आधी ती येऊन दारातच उभी राहिली.

"मावशी, आईनं दुसऱ्या कुणालाही बसवू नको म्हणून सांगितलंय. मी कुणाला बोलावलेलं नाही. जमेल ना?"

"न जमायला काय झालं? आता घट्ट खायला लागलेय मी," निकोलासा म्हणाली.

लागली होती, नाही असं नाही. आदल्याच आठवड्यात इस्पितळातली आहाराची मुलगी म्हणाली होती, आता घट्ट खायला हरकत नाही. पण घास एवढा चावायचा की तोंडातच त्याची लापशी झाली पाहिजे. जेवताना पाणी नाही. आणि नाक गळायला लागलं की चमचा खाली ठेवायचा, पोट भरलं याची ती खूण. निकोलासानं उकडलेलं अंडं खाऊन पाहिलं होतं. अर्ध्यावरच नाक गळायला लागलं. ते अर्धं अंडं ती कितीतरी वेळ बघत बसली होती. आयुष्यात तिच्या ताटात कधी काही उरलं नव्हतं.

सणाच्या दुपारी रोसमेरीच्या घरात उसाची कमान बांधली होती, बेनिताचा फोटो मधोमध, दोन्ही बाजूंना पावाच्या बाहुल्या आणि आत्म्याला उतरायला पावाचीच शिडी. ताट होतं शेंगदाण्याच्या साराचं. जन्मभर डुकराचं मांस तळून बेनिताला त्याचा वाससुद्धा नकोसा झाला होता, तिचा जीव या सारावर. दाट, वर तेलाचा तवंग, आत बटाटा, मॅकरोनी आणि हाडासकट गोमांसाचा मोठा तुकडा. रोसमेरीनं ताट काठोकाठ भरलं होतं. नवा आत्मा ना.

निकोलासानं प्रार्थना म्हटली. बाक तोच भक्कम आणला होता, आता ती त्यावर एका कोपऱ्यात मावत होती. पहिला चमचा घेतला, बरा गेला. दुसराही गेला. मग बटाटा चावायला घेतला, आणि चावतच राहिली. सगळं घर तिच्या जबड्याकडं बघत होतं.

"काय गं, चघळतेस का जेवतेस?" इलारिया दारातून म्हणाली. "बेनिता असले चोचले करणारी नव्हती. घशाखाली उतरवायची सपासप."

"तू गप्प बस. तुला कुणी विचारलं?" रोसमेरी म्हणाली. पण तिची नजर ताटावरून हलली नाही, आणि ताट होतं तसंच भरलेलं दिसत होतं.

निकोलासाचं नाक गळायला लागलं. लोकांना वाटलं, रडतेय. एक-दोघींनी हुंदकेसुद्धा दिले. तिनं बाहीनं नाक पुसलं आणि मांसाचा तुकडा तोंडात टाकला. थांबायचं हे तिला कळत होतं, पण समोर बेनिताचा फोटो होता. नीट चावलाही नाही तिनं तो, गिळला. घास छातीच्या मधोमध अडकला. वर येईना, खाली जाईना, छातीत कुणी बुक्की मारून धरल्यासारखं झालं. ती उठली, अंगणात मोरीपाशी पोचली आणि होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं.

आत्म्याच्या नावानं खाल्लेलं उलटून पडलं, असं त्या गावात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. इलारियानं छातीवर क्रूस काढला आणि हळूच म्हणाली, "परत पाठवलं गं बाई बेनितानं." तिच्यासुद्धा आवाजात आता टोमणा नव्हता.

रोसमेरी पाण्याचा तांब्या घेऊन आली. चेहरा पांढराफटक.

"राहू दे मावशी. इलारियाला बसवते."

"तिला नको म्हणाली होती ती."

"मग काय करू? उपाशी धाडू आईला?" रोसमेरीचा आवाज चिरकला. "मातीला तुम्ही नव्हता, ते मी गिळलं. आज तरी..."

निकोलासा मोरीच्या कट्ट्यावरच बसली. "उद्या दुपारपर्यंत आहे ना ती इथं? ताट झाकून ठेव. सकाळी येते," एवढंच म्हणाली आणि भिंतीला धरत घरी गेली.

सकाळी ती आली तेव्हा घरात रोसमेरी एकटीच होती. बाकीचे दफनभूमीत थडगी धुवायला पुढं गेले होते. सार पुन्हा गरम करून तिनं ताट मांडलं. निकोलासानं चमचा भरला, पण तोंडाशी नेईना. ताटात काल होतं तेवढंच होतं, आणि दुपार व्हायला फार वेळ नव्हता.

"तुम्ही घाबरलात," रोसमेरी म्हणाली.

"हो गं. फार घाबरलेय. अख्ख्या गावाचे मेलेले जेवू घातले मी, आणि माझीच तेवढी उपाशी जाणार."

रोसमेरी तिच्यासमोर बसली. बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत राहिली.

"मी रोज संध्याकाळी तुम्हाला फोन करायचे, आठवतं? आज काय खाल्लं म्हणून विचारायचे."

"आठवतं ना. एवढ्या धावपळीत तुला माझी काळजी, म्हणून मला बरं वाटायचं."

"मला नव्हती हो काळजी. मला कुठली सवड होती? आई विचारायला लावायची. तिला तोंडात काही धरवत नव्हतं. पण तुम्ही दोन चमचे घेतले म्हटलं की म्हणायची, आण मग माझेही दोन. ती जाडी माझ्यापुढं जाते की काय. तेवढे मात्र गिळायची. कशी गिळायची, ते मला विचारा."

निकोलासानं चमचा ताटात ठेवला.

"मग तुम्हाला परत शहरात नेलं," रोसमेरी म्हणाली. "तिनं विचारलं, निको किती जेवली? मी म्हटलं, आज काहीच नाही, सलाइन लावलंय. खरं तेच सांगितलं मी. तर म्हणाली, मग मलाही नको. आम्ही बरोबरच जेवू, ती आली की." तिनं गोळा केलेले कण पुन्हा विस्कटले. "त्यानंतर तिनं तोंड उघडलंच नाही. मावशी, मी खोटं का नाही बोलले? दोन चमचे खाल्ले म्हणायला माझं काय जात होतं?"

निकोलासानं टेबलावरून हात लांब करून रोसमेरीचा हात धरला. रोसमेरी म्हणाली होती खरं तेच, आणि तिकडं हिच्याही तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. कुणाला काय बोल लावायचा? पण बेनिता वाट बघत गेली होती, एवढं खरं होतं.

"कशातनं खायची ती?" निकोलासानं विचारलं.

रोसमेरी उठून आत गेली आणि एक निळा कप घेऊन आली, कान तुटलेला. निकोलासानं तो ओळखला. बाजारात बेनिता त्यातून कॉफी प्यायची. निकोलासानं काठोकाठ भरलेलं ताट बाजूला सरकवलं. ताटातलं दोन चमचे सार कपात घेतलं, मांसाचा एक धागा सोडवून त्यात टाकला आणि कप फोटोसमोर ठेवून पुन्हा प्रार्थना म्हटली. मग जेवायला लागली. पहिला चमचा तोंडात बराच वेळ धरला. बेनिता तसाच धरत असणार. दुसऱ्यात तो मांसाचा धागा होता. तो तिनं चावला, चावला, त्याची पार लापशी झाली तेव्हा गिळला. तो गेला, खाली गेला आणि तिथं राहिला.

नाक गळायला लागलं. डोळेही गळत होते. तिनं पावाचा तुकडा घेऊन कप आतून पुसला आणि तो तुकडा रिकाम्या कपाशेजारी ठेवला, तो काही तिच्यात मावला नसता. चर्चची दुपारची घंटा वाजायला लागली तेव्हा रोसमेरी उठून उभी राहिली.

"पोटभर?" तिनं विचारलं. विचारायची रीत होती म्हणून विचारलं.

या प्रश्नाला निकोलासानं आजवर एकच उत्तर दिलं होतं. तिनं फोटोकडं पाहिलं.

"नाही गं. पोटभर कुठली? तिचे दोन चमचे राहिले होते, ते जेवली."